माळ्यावर नसलेला सायलेन्सर

गाडी मोडिफाय करावी की ओरिजिनल ठेवावी, असे कोणी विचारले की मी त्याला आधी घरातला माळा केवढा आहे ते विचारतो. समोरच्याला ती थट्टा वाटते. प्रत्यक्षात माझ्या गाडीच्या पुनर्नोंदणीत गेलेले सहा महिने, बुडालेल्या चार रजा आणि ६०० रुपयांच्या जागी भरावे लागलेले ५,००० रुपये, या सगळ्याचे मूळ एकाच गोष्टीत होते, ती म्हणजे २०१३ साली घरात जागा नाही म्हणून मी भंगारात विकून टाकलेला मूळ सायलेन्सर.

गाडी २००६ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. काटेकोर अर्थाने ती स्पोर्ट्स कार नव्हे. पाच दारे आणि गणपतीचे अख्खे मखर मावेल एवढी डिकी असलेल्या गाडीला कोणी स्पोर्ट्स कार म्हटलेले जाणकारांना रुचणार नाही. पण १.८ लिटरचे, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो इंजिन आणि १५० हॉर्सपॉवर ही त्या काळी आपल्या रस्त्यांवर चैनच होती. युरोपातल्या आरएसमध्ये याच कुळातले इंजिन १८० हॉर्सपॉवर देत असे, त्यामुळे ‘कंपनीने आपले तीस घोडे तबेल्यातच बांधून ठेवलेत’ हे वाक्य मला भेटलेल्या प्रत्येक ट्यूनरच्या, म्हणजे गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्याच्या, तोंडी होते. मी गाडी २०१२ मध्ये सेकंडहँड घेतली आणि पुढच्याच जूनमध्ये मुंबईचा ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला. त्यावरच्या बोगद्यात आपल्या गाडीचा आवाज कसा घुमेल, एवढ्या एका कल्पनेपायी मी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त ताकदीसाठी रिमॅप करून घेतला, टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर लावला, रुंद चाके चढवली आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइपचा स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर बसवला. तो बोगदा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा आहे.

काढलेली मूळ चाके डोंबिवलीला सासुरवाडीच्या गॅलरीत गेली. सायलेन्सर आणि कॅट मात्र कुठेच जाईनात. माळ्यावर बॅगा, दिवाळीचे कंदील आणि आईची पितळी भांडी आधीच एकमेकांच्या डोक्यावर बसलेली होती, आणि ‘ती काळी नळी माझ्या घरात येणार नाही’ असे सौभाग्यवतींनी दारातच सांगितले. गॅरेजवाल्याने तो सगळा ऐवज १,८०० रुपयांना उचलला. नडत असलेली वस्तू पैसे देऊन गेली, म्हणून त्या दिवशी मी स्वतःला व्यवहारी समजलो होतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. माझी मुदत २०२१ च्या सुरुवातीला संपली, परंतु करोनाच्या काळात सरकारने अशा कागदपत्रांना जी मुदतवाढ दिली होती, ती ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालत गेल्यामुळे मी निवांत राहिलो. तसे राहू नये. नियमाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो आणि त्यातला प्रत्येक दिवस उपयोगी पडतो. नमुना २५ चा अर्ज, विमा, पर्यावरण कर, ६०० रुपये शुल्क आणि तपासणीची वेळ हे सगळे दोन संध्याकाळींत उरकले, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

अडले ते पासिंगला. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी गाडी धुऊनपुसून आरटीओच्या मैदानात रांगेत उभी केली. मोटार वाहन निरीक्षक पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी आरसी पाहिली, गाडी सुरू करायला सांगितली आणि इंजिनाने पहिला हुंकार देताच हातातले पेन खिशाला लावले.

“हा सायलेन्सर कंपनीचा आहे का?”

“थोडा बदललाय.”

“थोडा?” ते वाकले, मोबाइलचा टॉर्च खाली मारला आणि उठताना गुडघ्यावर हात टेकत म्हणाले, “कॅटच नाहीये की हो.”

मी पीयूसी पुढे केली. त्यांनी ती हातात न घेता बॉनेटवर ठेवायला सांगितली आणि म्हणाले, “ही कशी मिळाली ते मला विचारायला लावू नका.” मीही ते इथे लिहीत नाही. मग त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगितले, ज्यानुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कायद्याच्या बाजूने त्यांचे चुकत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. माझा राग वेगळ्या गोष्टीवर होता आणि अजून आहे. मी त्यांना स्पष्ट विचारले होते, “साहेब, आणखी काही असेल तर आजच सांगा, म्हणजे सगळे एकदमच करून आणतो.” त्यावर ते म्हणाले, “आधी हे करून आणा, मग पुढचं बघू.” हे ‘पुढचं’ मला एप्रिलपर्यंत पुरले.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नव्या कॅटची किंमत विचारली आणि आकडा ऐकून आभार मानून फोन ठेवला. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांनी माना हलवल्या. राहिला कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे पाच शनिवार गेले. ऑक्टाव्हियाचे सायलेन्सर तिथे मिळाले, कॅटचे डबेही मिळाले. फक्त प्रत्येक डबा रिकामा होता. कॅटच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो. त्याच वर्षी ऱ्होडियमचा भाव आकाशाला भिडला होता आणि भंगारवाले डबा कापून वीट काढत, वेल्डिंग मारून रिकामा डबा परत फळीवर ठेवत. पहिल्या शनिवारी मी असा एक डबा जवळपास घेतलाच होता. शेजारच्या दुकानातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी हाक मारून तो माझ्या हातातून घेतला, नखाने टिचकी मारली आणि आवाज ऐकवला. घंटेसारखा वाजला तर रिकामा, बद्द वाजला तर भरलेला. हलवल्यावर आत खुळखुळले तर वीट फुटलेली. त्यानंतर एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून पाहायचे. छिद्रांतून उजेड गाळल्यासारखा, सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. त्यांनी ही विद्या मला फुकट शिकवली आणि वर चहा पाजला.

पाचव्या शनिवारी त्याच उस्तादांनी फोन करून बोलावले. पुढून चेचलेली एक आरएस त्यांच्याकडे तुटायला आली होती आणि तिचा कॅट अजून जागेवर होता. २२,००० रुपये. मी घासाघीस केली नाही, कारण माझ्याआधी कोणी तरी विटेसाठीच तो उचलला असता. १,८०० रुपयांना विकलेली वस्तू नऊ वर्षांनी बाराहून अधिक पटींनी परत घेतली आणि गाडी गॅरेजला नेली. एक सांगायचे राहिले: कॅट घेताना त्याचे ऑक्सिजन सेन्सरचे आटे शाबूत आहेत का ते पाहून घ्यावे, माझ्या कॅटचे पिचलेले होते आणि ते नव्याने पाडून घेण्यात एक आठवडा गेला. बसवल्यावर खरी पीयूसी काढली, तेव्हा गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच खाली आला. तो कागद मी थोड्या अभिमानाने फाइलमध्ये सर्वांत वर लावला.

फेब्रुवारीत दुसरी तपासणी झाली. सायलेन्सरकडे निरीक्षकांनी एकदाच पाहून मान डोलावली आणि मग चाकांवर बोट ठेवले. टायर मडगार्डच्या बाहेर दोन बोटे येत होते. ही चाके नोव्हेंबरातही तिथेच होती, असे मी म्हणालो. त्यांनी ऐकले नसावे. पण याला फक्त एक रविवार लागला. डोंबिवलीच्या गॅलरीत चारही मूळ चाके एकावर एक रचलेली होती, वर सासूबाईंची तुळशीची कुंडी होती आणि मेहुण्याने ती चाके नऊ वर्षे जपल्याबद्दल माझ्याकडून पावभाजी वसूल केली. सायलेन्सरसाठी तीन महिने आणि चाकांसाठी एक रविवार, यांत कारागिरीचा काही फरक नव्हता. एक वस्तू घरच्यांनी ठेवली होती, दुसरी मी विकली होती.

तिसऱ्या वेळी, मार्चच्या मध्यावर, इंजिन नंबर दिसेना. तो इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला असतो आणि त्यावर पेन्सिल घासून कागदावर छाप घ्यावी लागते. माझ्या इंटरकूलरचा जाड पाइप नेमका त्याच्यासमोरून गेला होता आणि शिवाय बॉनेट उघडल्यावर रुबाबदार दिसावे म्हणून मी ब्लॉकला काळा रंग मारून घेतला होता, जो अक्षरांच्या खाचांत भरून बसला होता. खाचा बुजलेला नंबर पाहून निरीक्षकांचा चेहरा पहिल्यांदाच कठोर झाला, आणि तो का झाला हे मला समजले. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बुजवतात. गॅरेजमध्ये पोराने लगेच सँडपेपर काढला, तो मी त्याच्या हातातून ओढून घेतला. कोणीही तिथे सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू देऊ नये, कारण घासल्याच्या रेघा छेडछाडीसारख्या दिसतात. पाइप उतरवला, थिनरमध्ये भिजवलेले कापड रात्रभर नंबरावर दाबून ठेवले, सकाळी रंग नखाने निघाला, आणि खाचांतून खडू फिरवला तशी एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. एवढे समाधान मला रिमॅपनंतरच्या पहिल्या फेरीतही मिळाले नव्हते.

या सगळ्यात माझ्या अर्जाची मुदत टळून तो बाद झाला. नवा अर्ज भरला तेव्हा एप्रिल उजाडला होता, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले होते. चौथ्या तपासणीला निरीक्षकांनी स्वतः पेन्सिल घासून छाप घेतली, ती दिव्यासमोर धरली आणि दहा मिनिटांत सही केली. जाताना म्हणाले, “गाडी छान ठेवलीये हो.” मी हसलो, पण मनातून अजून चिडलेलोच होतो.

रिमॅपही मी नंतर काढून टाकला, अर्थात ते आरटीओमुळे नव्हे. वाढलेल्या टॉर्कने, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराने, क्लच घसरायला लागला होता, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो हे मला पॉलिसी नीट वाचल्यावर उमगले. ती मी विकत घेताना वाचायला हवी होती. सस्पेन्शनला मी कधीच हात लावला नव्हता, त्यामुळे आता आरएस बरीचशी कंपनीतून निघाली तशी आहे. इंटरकूलर तेवढा ठेवला आहे, फक्त त्याचा पाइप वळवून घेतला, आणि मूळ पाइप व मूळ इंटरकूलर पलंगाखाली आहेत.

स्टेनलेस स्टीलचा तो सायलेन्सर इमारतीच्या पंपरूममध्ये वर्षभर पडून होता. सेक्रेटरींनी दोनदा नोटीस लावल्यावर मी तो विकायला काढला. पंचविशीतला एक मुलगा पाहायला आला. त्याच्याकडेही जुनी आरएस होती, पिवळी. त्याने टिचकी मारून पाहिले, फोटो काढले, पैसे मोजले.

“मूळचा सायलेन्सर कुठे ठेवणार आहेस?” मी विचारले.

“बघतो काका, घरात जागा नाहीये.”

मी त्याला नोव्हेंबर ते एप्रिलची सगळी हकिगत सांगितली, उस्तादांचे दुकान कुठे आहे तेही सांगितले. त्याने नम्रपणे मान डोलावली आणि मग सायलेन्सर रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा घालताना विचारले, “काका, बोगद्यात कसा वाजायचा हा?”

मी त्याला खरे ते सांगितले.