जुनं लेदर स्टिअरिंग: रंगाआधी मळ

जुन्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगवरची काळी चकाकी लेदरची नसते, हाताच्या घामाची आणि तेलाची असते. ती राहिली की नवा रंग सोलून निघतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, स्टिअरिंगचं चाक आणि ते ज्या दांड्यावर बसतं त्या शाफ्टवर जुळती खूण करा, मगच नट सोडवा. लेदर क्लीनर मऊ ब्रशने. खरा मळ शिलाईच्या खाचेत असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर फडका, आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. भेगांत फिलर, म्हणजे लेदरच्या भेगा बुजवायची लेई, पातळ थरांनीच भरा. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो, मग तडकतो. रंग स्पंजने, तीन-चार पातळ हात. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तर नकोच: पाण्यात मिसळणारा (वॉटर-बेस्ड) रंग स्पंजखालीच सुकून पट्टे उठतात. सकाळी लवकर, पंखा बंद. वरून मॅट टॉपकोट, म्हणजे रंग जपणारा बिनचकाकीचा शेवटचा थर. सिलिकॉन पॉलिश अजिबात नको, चाक हातातून सटकतं.