मळवलेल्या वाघिणी

परवा दुपारी कल्याणच्या फलाटावर लोकलऐवजी मालगाडी आली आणि चक्क थांबली. लोक वैतागले, घड्याळं बघू लागले. मी मालगाड्यांची छोटी मॉडेलं करतो, म्हणून दोन पावलं पुढे सरकलो. समोर नेमकी बीसीएन, बंद वाघीण म्हणजे मालडबा, बहुतेक सिमेंटची. दाराच्या फटीतून गळलेली राखाडी पूड पावसात भिजून खालच्या कडेला घट्ट बसलेली. आणि दाराची लोखंडी कडी जिथे गाडीच्या हेलकाव्यांनी झुलत राहते, तिथला रंग खरवडून बरोबर कडीच्या लांबीची एक चकचकीत कोर उमटलेली. फोटोत असल्या गोष्टी सापडत नाहीत. सिग्नल मिळाला, गाडी गेली, आणि मी लोकल सोडून दिली.

आमच्याकडे बेडरूमच्या भिंतीलगत प्लायवर रूळ टाकलेले आहेत. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची गाडी, १:८७. खरी बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण, साडेदहा मीटरच्या वर असते, माझी सव्वाबारा सेंटिमीटरची. जुने चारचाकी डबे करायला स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्याबरोबर लग्नपत्रिकाही चालतात. जाड पत्रिका आली की घरात आधी माझ्याकडे येते. मुहूर्त मागाहून वाचला जातो. संपलेल्या रिफिलच्या टोकाने कागद मागून दाबला की पुढे रिव्हेट उठतो. एका बाजूला अशा रांगा काढताना संध्याकाळ कुठे जाते कळत नाही.

पण खरी मजा डबा तयार झाल्यावर. तांबडा-तपकिरी, गुळगुळीत, नवाकोरा डबा टेबलावर ठेवायचा आणि मळवायला घ्यायचा.

"अहो, टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक काढू देत नाही तुम्ही आजतागायत," बायको म्हणते. "आणि हे?"

यावर उत्तर नाही. स्कूटरला पिवळं फडकं रोज मीच मारतो. पण मालगाडीचा स्वच्छ डबा मला बघवत नाही. आणि मळवायचा म्हणजे वाटेल तसा ब्रश फिरवायचा नाही. प्रत्येक डागाला कारण लागतं. गंज रिव्हेटपाशी, सांध्यापाशी सुरू होतो आणि पाण्याबरोबर खाली ओघळतो. आडवा जात नाही. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रिव्हेटवर टिंब द्यायचं, जरा थांबायचं, मग कोरड्या चपट्या ब्रशने एकदाच खाली ओढायचं. दोनदा ओढलं की चिखल. बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, लोक काळ्या रंगवतात, तेही चूक. ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज आणि रुळांवरची धूळ मिळून तिथे एक मातकट तपकिरी थर बसतो. तो खडूची पूड सॅंडपेपरवर किसून भरायचा. चाकाची रुळाला घासणारी कड तेवढी चकचकीत ठेवायची. उन्हाने विटलेल्या अंगावर वर्कशॉपवाल्यांनी नव्याने रंगवून आकडे टाकलेला चौकोन गडद राहतो, तो विसरायचा नाही.

हे वेड भुसावळचं असणार. मामा रेल्वेत, क्वार्टर यार्डाला लागून. मे महिन्याच्या त्या भट्टीत आम्ही फाटकाशी बसून दीपनगरच्या वीज केंद्राला जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या मोजायचो. अठ्ठावन्न वाघिणी. मामेभाऊ एकोणसाठ म्हणायचा, कारण तो गार्डचा डबा धरायचा. भांडण घरापर्यंत यायचं. यार्डात उभ्या डब्यांना हात लावायला सक्त मनाई आणि म्हणूनच लावायचा. तळवा तांबूस व्हायचा, तोच फ्रॉकला-शर्टाला पुसला जायचा आणि मामीला सगळं कळायचं. डब्यांवर खडूने आकडे, बाण, कसल्या कसल्या खुणा. एकावर मोठ्या अक्षरात 'सिक' लिहिलेलं. "तो डबा आजारी आहे," मामा म्हणाला, "त्याला तरी त्रास देऊ नका." मामेबहीण खरोखर लांबून वळसा घालून गेली.

माझ्या गाडीत एक वाघीण कायम सिक असते. पांढऱ्या पेन्सिलीला बारीक टोक करून लिहितो. नियमाने तिला गाडीतून काढून सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर लावायला हवी, पण मी तिला चालवतो.

कोणी जाणकार घरी आला की तो मात्र डाग बघतच नाही, रूळ बघतो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, साडेपाच फुटांचा, म्हणजे एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, युरोप-अमेरिकेच्या स्टॅंडर्ड गेजच्या हिशेबाने. थोडक्यात, माझी भुसावळची कोळशाची गाडी परदेशी रुळांवरून धावते. रूळ स्वतः हाताने बसवणारे, चाकं सरकवून घेणारे लोक आहेत, मला माहीत आहे. मी त्यांना चहा देतो आणि गंज दाखवतो. पावणेतीन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे. चाललंय.