ठसे उमटेनात

फुटबॉल सोडून बॉबस्लेत, म्हणजे बर्फाच्या घसरणीवरून स्लेज पळवायच्या खेळात, कसा आलास, असं सगळे विचारतात. ते सोपं गेलं. इथला, म्हणजे अमेरिकन, फुटबॉल मी कॉलेजात चार वर्षं रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, म्हणून खेळलो. पहिल्या काही सेकंदांत अंगातला सगळा जोर काढायची सवय होतीच, आणि स्लेज ढकलायला तीच लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला चाचणी दिली आणि ब्रेकमन, म्हणजे स्लेज मागून ढकलणारा आणि शेवटी ब्रेक लावणारा, झालो. वाट मळलेलीच आहे. फुटबॉलपटू हर्शेल वॉकर 1992 च्या ऑलिंपिकमध्ये आल्बर्टव्हिलला दोघांच्या स्लेजमध्ये सातवा आला होता, नेब्रास्काकडून फुटबॉल खेळलेल्या कर्ट टोमासेविचनं 2010 मध्ये व्हँकुव्हरला चौघांच्या स्लेजमध्ये सुवर्ण जिंकलं.

माझं घोडं अडलं नागरिकत्वापाशी. ऑलिंपिकला त्याशिवाय उतरता येत नाही. आधी कॅनडाकडून खेळलेली कॅली हम्फ्रीज अमेरिकेकडून जगज्जेती झाली तेव्हाही नागरिक नव्हती. डिसेंबर 2021 मध्ये झाली, म्हणून 2022 च्या ऑलिंपिकला बीजिंगला जाता आलं. माझं ग्रीन कार्ड आलं तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. आईबाबांबरोबर आपोआप नागरिक होण्याचं वय टळून गेलं होतं.

म्हणून नागरिकत्वाचा अर्ज केला आणि त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो. काचेवर बोट ठेवलं की पडद्यावर नुसता करडा डाग. तिथल्या बाईंनी बोट ओल्या फडक्यानं पुसलं, स्वतः धरून दाबलं, फिरवलं. रेघच नाही. कारण मला तिथेच कळलं. स्लेजखालचे पोलादी रनर आम्ही खेळाडूच घासतो, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक पॉलिश पेपरनं, तासन्‌तास. रनरबरोबर बोटंही गुळगुळीत होतात.

काही आठवड्यांनी पत्र आलं, पुन्हा या. आई म्हणाली, "रात्री साजूक तूप चोळ आणि हातमोजे घालून झोप." तूप चोळलं, पण हंगाम चालू होता, घासणं थांबवलं नाही. दुसऱ्यांदाही तेच. मग फर्मान आलं: जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांचे दाखले आणा. एका गावचा दाखला यायला सात आठवडे लागले. दोनदा ठसे फसले की दाखले लागतात, हे पहिल्याच दिवशी त्या खिडकीवर कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच अर्ज केले असते. मी विचारलं होतं. "वाट बघा," एवढंच उत्तर मिळालं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, ठशांच्या तारखेआधी दोन-तीन आठवडे पॉलिश पेपरला हात लावू नका. संघातल्या कुणाला तरी गळ घाला, कुणी नाही म्हणत नाही. माझे रनर आमच्या स्लेज हाकणाऱ्या पायलटनं घासले असते, मीच विचारलं नाही.

नागरिकत्वाची शपथ वेळेत झाली. बाबा रडले.

हो, आणि अर्जात पाच वर्षांतला परदेशाचा प्रत्येक प्रवास तारखेसह लिहावा लागतो. विंटरबर्ग, इग्ल्स, सेंट मॉरिट्झ, व्हिसलर, शर्यतींची सगळी गावं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवर विसंबू नका, विमानाची तिकिटं जपून ठेवा.