'बीपीची पूर्वीची औषधे चालू ठेवा': माझा अनुभव

बाबांच्या डिस्चार्ज कार्डावरची ही ओळ आठवली की अजून संताप होतो. कोणती औषधं, किती, काहीच लिहिलेलं नाही.

बाबा बारा वर्षं बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०, घेत होते. मे महिन्यात सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) निघाला, पोटात पाणी झालं. भरती, तपासण्या, पाणी काढणं सगळं नीट पार पडलं. घरी आल्यावर तिसऱ्या सकाळी ते पलंगाची कड धरून उभे राहिले, "डोळ्यापुढे अंधारी येऊन राहिली गं." बीपी ९४/५८. गोळी माझ्या हातात होती. ती दिली नाही, तशीच कार्ड घेऊन निघाले.

रामदासपेठेत, लिव्हरच्या डॉक्टरांकडे, काउंटरवर म्हणाले, "बीपीची गोळी ना? हार्टवाल्या डॉक्टरांना विचारा." धंतोलीत हार्टवाल्यांकडे गेले. तिथे, "लिव्हरचा पेशंट आहे, त्यांच्याकडूनच लिहून आणा." परत रामदासपेठ. "नवीन नंबर लावा, पेशंट आणा लागते मॅडम." चक्कर येणाऱ्या माणसाला नागपूरच्या उन्हात ऑटोत घालून आणायचं, एका हो-नाहीसाठी! मी हललेच नाही. चार वाजता लिव्हरचे डॉक्टर ओपीडीतून निघाले तेव्हा कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी उभ्याउभ्याच ती ओळ खोडली. पोटात पाणी असताना टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या नकोतच. बीपी आणखी पडतं, किडनीवर ताण येतो. सिरोसिस वाढतो तसं बीपी आपसूक उतरतं, मग जुना डोस भारी पडतो. लगेच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगितलं. १.७ आलं, वाढलेलं.

कार्व्हेडिलॉलही बीपीचीच समजून मी बंद करणार होते. ती अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून होती! वरचं बीपी ९० च्या खाली गेलं तर कळवा, पण मनानं बंद करू नका, असं बजावलं. म्हणून सांगते, सुट्टी होताना घरच्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवा आणि एकेक दाखवून विचारा, ही चालू की बंद? उत्तर कार्डावर लिहून घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या घरात ठेवूच नका, त्यांनीही किडनीवर ताण येतो. आणि हो, पोटातलं पाणी कमी करणारी स्पायरोनोलॅक्टोन सुरू असेल तर 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळीनं ते रक्तात आधीच वाढतं. मी किलोभर आणून ठेवलं होतं.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं. परवा बाबा कड न धरता उठले, कूलरमध्ये स्वतः पाणी भरलं.