चंदनपुरीहून राजवाड्याकडे

नाशिकहून इंदूरला गाडीने निघालं की आग्रा रोड सोडायचं कारण पडत नाही. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधव्याचा घाट, खलघाटला नर्मदा आणि मानपूरचा घाट चढून गेलं की माळवा. मालेगाव आलं की बहुतेक गाड्या गर्दी टाळून पुढे सटकतात. मी मात्र चंदनपुरीला वळले. मार्गशीर्ष लागून खंडोबाचं षड्रात्र, म्हणजे सहा दिवसांचं नवरात्र, बसलेलं, चंपाषष्ठीला मावशीकडे इंदूरला पोचायचं ठरलेलं. खंडोबाच्या दुसऱ्या बायकोच्या, बाणाईच्या गावावरून जायचं आणि तिला न भेटता जायचं, हे काही बरं दिसलं नसतं.

चंदनपुरीची मोठी यात्रा पौषात भरते, त्यामुळे आत्ता गाव निवांत होतं. भंडारा विकणाऱ्या आजींनी पुडी बांधता बांधता विचारलं, "कुठं निघाली ताई?" इंदूर म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग देवाचं सासर करून देवाच्या वाड्याला चालली म्हन की!" इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

सासर कसं, तर ती कथा वाघ्या-मुरळीच्या जागरणात ऐकावी. जेजुरीत देव म्हाळसेशी सारीपाट खेळायला बसला आणि हरला. पणाप्रमाणे बारा वर्षांचा वनवास आला. तो थेट चंदनपुरीत, बाणाईच्या बापाच्या दारात चाकर म्हणून उभा राहिला. फाटकं घोंगडं, रोगट अंग, म्हाताऱ्याचं सोंग. त्याला मेंढरं राखायला दिली. एक दिवस मेंढरं धुवायला नदीवर नेली आणि एकेक आपटून सगळा कळप मारून टाकला. धनगरवाड्यात आकांत झाला. चाकर म्हणतो, जिवंत करून देतो, पण बाणाई मला द्या. बापाने कबूल केलं, याने भंडारा उधळला, मेंढरं उठून चरायला लागली.

खरं सांगायचं तर हा देव मला लहानपणी पटायचा नाही. कबुलीसाठी मुकी जनावरं मारायची? पण जागरणात ही कथा ऐकताना बायका खुदुखुदु हसत असतात, कारण त्यांना पुढचं माहीत असतं. देव बाणाईला घोड्यावर घेऊन जेजुरीला येतो आणि गडावर म्हाळसा वाट पाहत असते. नेवाशाच्या वाण्याची लेक ती, लग्नाची बायको, पालीला वाजतगाजत लग्न लागलेली. तिच्या आणि बाणाईच्या भांडणाची गाणी अशी खमंग आहेत की मणी-मल्ल दैत्यांचं युद्ध त्यापुढे फिकं पडावं. शेवटी तोडगा निघाला तो आजही जेजुरीला दिसतो. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, बाणाईचं देऊळ अर्ध्या डोंगरावर.

इंदूरला पोचायला रात्र झाली. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला. त्यावर सगळ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी काही भर घालत नाही.

सकाळी होळकरांचा राजवाडा. सात मजल्यांचा तो दरवाजा फोटोत हजारदा पाहिलेला असतो, तरी खाली उभं राहिलं की मान मागे जातेच. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. हे लाकूडच त्याच्या जिवावर उठलं. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने शहर लुटलं तेव्हा वाडा जळाला, 1908 मध्ये पुन्हा आग लागली, आणि 1984 च्या दंगलीत मागचा भाग गेला तो पुढे नव्याने उभारला गेला. अशा या वाड्यात मल्हारी मार्तंड बसलाय. होळकरांचं कुलदैवत, म्हणजे आपला खंडोबाच.

मला राजवाड्यात फार वेळ थांबावंसं वाटलं ते याच्यासाठी. जेजुरीला देवाकडे जाताना पायऱ्या चढून घाम काढावा लागतो. इथे तो एका घरात राहतो, तेही राज्य चालवणाऱ्या घरात. मल्हारराव होळकर 1693 चा, जेजुरीच्याच मुलखातल्या होळ गावचा धनगराचा पोर. बाप लवकर गेला आणि आईने त्याला खानदेशात तळोद्याला भावाकडे आणलं. तिथे तो मेंढरं राखायचा. उन्हात झोपलेल्या पोरावर नागाने फणा धरल्याची गोष्ट तिथलीच. पुढे माळव्याची सुभेदारी. म्हणजे कथेतला देव गड सोडून मेंढरांमागे गेला, आणि इतिहासातला मेंढपाळ वाड्यात आला तो देवाला बरोबर घेऊन. दोन्ही प्रवासांत खानदेश लागतो, हे मला त्या चौकात उभं राहिल्यावर लक्षात आलं.

या घराने देव नुसता देव्हाऱ्यात ठेवला नाही. कर्त्या पुरुषाचं नाव मल्हार, मुलाचं खंडेराव (अहिल्याबाईंचा नवरा, 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडला), आणि मल्हाररावांच्या बायकांत एक बाणाबाई. इंदूरच्या मल्हारनगर टाकसाळीतल्या रुपयांवर सूर्याचं तोंड असायचं. मार्तंड म्हणजे सूर्य, तेव्हा बाजारात भाजी घेतानाही देव हातातून हातात जायचा. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, त्यांच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेल आला. मल्हारी मात्र इंदूरला राहिला.

देवळासमोर एक बाप मुलाला मणी-मल्लाची गोष्ट सांगत होता. ऋषींना छळणारे दोन भाऊ, ब्रह्मदेवाचा वर, शंकराने घेतलेला मार्तंड भैरवाचा अवतार, सहा दिवसांचं युद्ध. मणीने मरताना शरण जाऊन आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली, ती मिळाली. मल्ल शेवटपर्यंत ताठ, म्हणून त्याचं शिर पायरीशी. मुलगा म्हणाला, "पण पप्पा, नाव तर मल्लाचंच लागलं ना देवाला? मणीचं कुठे लागलं?" बाप गप्प. मीही गप्प. इंदुरी भाषेत सांगायचं तर, भिया, प्रश्न एकदम करेक्ट होता.

चंपाषष्ठीला लोकमान्य नगरात मावशीकडे सकाळपासून वांग्यांचा धूर. चातुर्मासापासून या घरात वांगं आलेलं नाही, त्यामुळे भरताचा वास जरा जास्तच चढतो. रोडगे मावशी बाट्या भाजायच्या तंदुरात भाजते. माळव्यात प्रत्येक घरी तो असतोच, आणि जाड गोल रोडगा त्यात असा फुलतो की जेजुरीकरांनी हेवा करावा. वरच्या मजल्यावरच्या शर्मा भाभी दरवर्षी भरीत मागून नेतात आणि त्याला "खंडेराव का भर्ता" म्हणतात.

मग तळी. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, मधोमध भंडाऱ्याचा ढीग. काका, दोन्ही भाऊ, जावई आणि शेजारचा मुलगा असे पाच जण भोवती बसले. सगळ्यांनी काठाला हात लावून ताम्हण वर उचललं आणि "सदानंदाचा येळकोट! येळकोट येळकोट जय मल्हार!" एवढ्या जोरात झालं की खालचा वॉचमन बघायला आला. त्याच्याही कपाळाला भंडारा लागला, हातात खोबरं पडलं. पाटावर दिवटी लावलेली, शेजारी तेलाची बुधली. भंडारा टाइल्सच्या फटींत गेला तो गेलाच. मावशी म्हणते, दिवाळीपर्यंत निघत नाही.

मी तिला विचारलं, "राजवाड्यात देवाच्या घरात बाणाई कुठे गं?"

"अगं, ती येते ना तळीनंतर," म्हणाली आणि पुरुष जेवायला बसल्यावर आतल्या खोलीत बायकांनी गाणं धरलं. म्हाळसा विचारते, धनगरीण का आणली. देव कारणं देतो. बाणाई उलट उत्तर करते. मावशीची सून इंदूरचीच, हिंदी शाळेत शिकलेली. तिला मधली कडवी येत नव्हती, पण बाणाईची उत्तरं सगळी पाठ.

तेवढ्यात काका ओरडले, "आधी कुत्र्याचा नैवेद्य काढा!" गल्लीतले तीन कुत्रे फाटकाशी येऊन बसलेच होते. पुरणपोळी त्यांनी लगेच संपवली, भरीत हुंगून सोडलं.