जोंधळ्याआडचा शत्रू

पटावरच्या लढाईत बंदुकीच्या आधी दोरा लागतो. साधा शिवणाचा, शक्यतो काळा, म्हणजे नकाशावर उठून दिसतो. आम्ही खेळतो तो 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हा दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांचा पटावरचा खेळ १९८५ साली अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने काढला. नकाशाभर षटकोन, एक षटकोन म्हणजे ४० मीटर जमीन, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक ठिपका. माझ्या तुकडीच्या ठिपक्यापासून समोरच्याच्या ठिपक्यापर्यंत दोरा ताणायचा. वाटेत घराचं किंवा झाडीचं चित्र आडवं आलं तर दिसत नाही. चित्र, बरं का. षटकोनाच्या एका कोपऱ्यात घर काढलंय आणि दोरा दुसऱ्या कोपऱ्यातून गेला, तर खुशाल गोळी झाडा.

एवढं सोपं असूनही सगळी भांडणं इथेच होतात. सोंगट्या पुठ्ठ्याच्या, जेमतेम अर्ध्या इंचाच्या, वाऱ्याने उडतात. त्यामुळे परभणीच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं, आणि त्यात दोरा भिंतीला नुसता चाटून गेला की छेदून गेला यावर अर्धा तास. मामेभाऊ एक डोळा मिटून पटावर वाकतो. "कामून दिसत न्हाई? सरळ दिसायलंय की!" मी म्हणतो, दोरा लाव. तो लावतो. मग मी माझ्या बाजूने बघतो आणि मला भिंत मध्ये दिसते. शेवटी फासा टाकतो.

गंमत अशी की दोरा आधी ताणून बघायची मुभा नाही. आधी जाहीर करायचं, अमुक तुकडी तमुकवर गोळीबार करतेय, मग दोरा. अडला तर त्या तुकडीची पाळी वाया. खऱ्या शिपायाला समोरचं दिसतंय की नाही हे कळणारच ना, म्हणून हा नियम खोटा, असं मामेभावाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण नियम नसता तर आम्ही संध्याकाळभर दोरेच ताणत बसलो असतो, आणि नजरेच्या अंदाजाला काही किंमत उरली नसती.

उंचीचं प्रकरण जरा किचकट. नवखा खेळाडू मशीनगन घेऊन पहिल्या मजल्यावर धावतो, कारण वरून लांबचं दिसतं. दिसतं खरं, पण दोऱ्याला दोन टोकं असतात. मी तुला पाहिलं की तूही मला पाहिलंस. शिवाय अडथळ्यावरून पलीकडे बघताना त्याच्या लगेच मागची जागा झाकलेलीच राहते. अडथळा जितका लांब तितके आंधळे षटकोन जास्त, आपण जितके उंच तितके कमी, पण निदान एक तरी उरतोच. दौलताबादला गेलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. वर बारादरीतून चांद मिनार स्वच्छ दिसतो, लांबचा रस्ता दिसतो. पण डोंगराचा कडा असा उभा तासलाय की त्याच्या पायथ्याचा खंदक त्या कड्याआड जातो.

खरी पंचाईत पिकाने केली. नियमपुस्तकात उभं पीक दोरा अडवत नाही, नुसता त्रास देतं: मधल्या दर षटकोनामागे फाशांच्या बेरजेत एक वाढतो, आणि इथे बेरीज कमी तेवढी चांगली. असे अडसर मिळून सहा झाले की मात्र दिसणं बंद. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला पिकाचा त्रास नाही. आमच्याकडे पाखरं राखायला माळा बांधतात तो याचसाठी, त्यामुळे हे पटलं. पण हे पीक धरायचं फक्त जून ते सप्टेंबर. बाकीच्या महिन्यांत ते रान मोकळं समजायचं!

हे वाचून मामेभाऊ हसायलाच लागला. तो शेती करतो. जून ते सप्टेंबर त्याच्या रानात सोयाबीन. त्यात माणूस लपायचा तर पालथं पडावं लागेल. आणि जानेवारीत, जेव्हा पुस्तक म्हणतं रान मोकळं, तेव्हा मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते, हुरडा चाललेला असतो, आणि बांधावरून हाक मारल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही. नियम युरोपातल्या गव्हासाठी बरोबरच आहेत. फक्त त्यांना काळ्या रानाचा पत्ता नाही.

म्हणून आम्ही घरचा नियम केला. जानेवारी महिना, जोंधळ्याचा षटकोन म्हणजे चक्क भिंत. दोरा लागला की अडला. वरच्या मजल्यावरून पलीकडचं दिसेल, पण लगतचा एक षटकोन आंधळा. कागदावर फार देखणा वाटला. खेळायला बसलो तर पहिल्याच फेरीत मामेभावाने सगळी पलटण जोंधळ्यात घातली, मीही घातली. मग तो मला दिसेना, मी त्याला दिसेना. फासे तसेच पडून, आणि मामी विचारताहेत, "अरे, लढाई लावली न्हाई का अजून?"