सीपॅप झेपलं नाही म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे: स्लीप अ‍ॅप्नियाच्या उपचाराचा प्रवास

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. त्यावर दाताच्या डॉक्टरांकडून उपचार, म्हणजे रात्री खालचा जबडा पुढे धरणारा दातांवरचा ट्रे, घ्यायचे असतील, तरी पहिली पायरी त्यांच्या दवाखान्याची नाही. आधी झोपेच्या आजारांचे डॉक्टर, मग तपासणी, मग हातात रिपोर्ट, आणि त्यानंतर दाताची खुर्ची. दाताचे डॉक्टर घसा बघून, प्रश्न विचारून संशय घेऊ शकतात, पण निदान त्यांच्या हातात नाही. मला हे ठाऊक होतं, तरी वाटेत एक दवाखाना असा लागलाच. मी समोर धरलेला रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांनी उघडलासुद्धा नाही. "माप घेऊन टाकू मॅडम, आठवड्यात ट्रे तयार." मी पर्स उचलली आणि निघाले.

माझी मूळ तक्रार घोरण्याची नव्हतीच, थकव्याची होती. पाळी थांबल्यानंतर रात्री सारखी जाग येऊ लागली, सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये डोळे आपोआप मिटायचे. थायरॉइड तपासून झालं, हिमोग्लोबिन झालं, "या वयात होतंच असं" हेही ऐकून झालं. बायकांमध्ये हा आजार असाच लपून राहतो. अ‍ॅप्निया म्हटलं की मोठ्याने घोरणारा जाड मानेचा पुरुष डोळ्यांसमोर येतो, आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांचा धोका वाढतो हे कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी निदान केलं ते नवऱ्याने. "अगं, तू मध्येच श्वास घ्यायचीच थांबतेस. मी आकडे मोजत पडून असतो." जोडीदार असं काही सांगत असेल तर त्याला गप्प करू नका. जमलं तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करायला सांगा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

माझी तपासणी घरीच झाली. बोटाला ऑक्सिमीटर, नाकपुड्यांशी बारीक नळी, छातीला पट्टा. रिपोर्ट आला की त्यातला एएचआय हा आकडा शोधा. श्वास किमान १० सेकंद बंद पडणं किंवा बराच कमी होणं, असं तासाला सरासरी किती वेळा घडलं ते हा आकडा सांगतो. ५ पर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा २२ होता, आणि रक्तातला ऑक्सिजन सर्वांत खाली ८२ टक्क्यांवर गेला होता. पण एवढ्यावर थांबू नका, आणखी दोन ओळी वाचा. एक, श्वास थांबण्याचा प्रकार ऑब्स्ट्रक्टिव्ह आहे की सेंट्रल. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घशातली वाटच मिटते. सेंट्रल म्हणजे श्वास घेण्याचा मेंदूकडून येणारा आदेशच चुकतो, तिथे जबडा पुढे आणून काही साधत नाही. दोन, उताणं झोपल्यावरचा आकडा आणि कुशीवरचा आकडा. माझा उताणं असताना जवळजवळ दुप्पट होता, आणि ही माहिती पुढे कामाला आली. घरच्या यंत्राची एक मर्यादाही आहे. तुम्ही खरंच झोपलात किती हे त्यातली बरीच यंत्रं मोजत नाहीत, रेकॉर्डिंगचा सगळा वेळ धरून सरासरी काढतात. त्यामुळे रात्रभर तळमळणाऱ्या माणसाचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. लक्षणं जोरात आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल, असं असेल तर प्रयोगशाळेत रात्रभर राहून होणारी पूर्ण तपासणी मागा.

मला पहिला उपचार सीपॅपचाच सांगितला, म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा सोडून घशातली वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, आणि त्यात गैर काहीच नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी हे यंत्र मांडलं, आणि श्वासाचे अडथळे उडवून लावण्यात त्याच्या तोडीचं आजही दुसरं काही नाही. तीव्र अ‍ॅप्निया असणाऱ्यांनी मास्क नकोसा वाटतो एवढ्यावरून थेट दातांच्या साधनाकडे वळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी मास्क बदलून पाहिले, दाब कमीजास्त करून घेतला, हवेत ओलावा आणणारा ह्युमिडिफायर लावला. तरी मध्यरात्री झोपेतच तो ओढून टाकायचे आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. डॉक्टरांनी यंत्रातली नोंद काढून दाखवली, वापर रात्री दोन-तीन तासांच्या वर जातच नव्हता. तेव्हा त्यांनीच दुसरी वाट सुचवली. झोपेच्या आणि दंतवैद्यकाच्या अमेरिकी संघटनांनी २०१५ मध्ये मिळून दिलेल्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: सीपॅप सोसत नसेल किंवा रुग्णाला दुसरा पर्याय हवा असेल, तर काहीच न करण्यापेक्षा तोंडात घालायचं साधन द्या. ते यंत्राइतका आकडा खाली आणत नाही, पण माणूस ते रात्रभर तोंडात ठेवतो. कपाटात पडलेल्या उत्तम यंत्रापेक्षा हे बरं.

साधनाचं लांबलचक नाव मॅन्डिब्युलर अ‍ॅडव्हान्समेंट डिव्हाइस. वरच्या दातांवर एक ट्रे, खालच्या दातांवर एक, आणि दोन्ही अशा जोडलेल्या की खालचा जबडा पुढे धरून ठेवला जातो. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि घशातली वाट चिंचोळी होते. जबडा पुढे आला की जिभेचं मूळ त्याच्यासोबत पुढे येतं, मऊ टाळू ताणला जातो आणि वाट बाजूंनीही रुंदावते. नाइट गार्ड ही अगदी वेगळी वस्तू आहे हे लक्षात असू द्या. रात्री दात खाणाऱ्यांना तो देतात, त्याने जबडा पुढे येत नाही, उलट काहींचा अ‍ॅप्निया त्याने वाढलेलाही दिसला आहे. कुणी "एकच गोष्ट आहे हो" म्हणालं तर तिथे थांबू नका.

डॉक्टर निवडताना मी फोनवरच प्रश्न विचारले. अ‍ॅप्नियासाठी अशी साधनं नियमित करता का? साधन दिल्यानंतर ते पुढेमागे करायच्या भेटी याच पैशांत आहेत का? झोपेच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोलता का? आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत बोलका: साधन बसल्यावर पुन्हा झोपेची तपासणी करायला सांगता का? या प्रश्नावर जो अडखळतो तो फक्त ट्रे विकतो आहे. विमा असेल तर आणखी एक चौकशी करा. हा खर्च दातांच्या खात्यात धरतात की वैद्यकीय, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्या. फोनवर मिळालेलं "हो, होऊन जाईल" नंतर कामाला येत नाही.

पहिली भेट लांबली, आणि तशी ती लांबायलाच हवी. दात पुरेसे आणि घट्ट आहेत का, हिरड्या सुजलेल्या नाहीत ना, कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो का किंवा कट् वाजतो का, नाक मोकळं आहे का, सगळं तपासलं. ट्रेची सगळी पकड दातांवर असते. हलणारे दात किंवा पूर्ण कवळी असेल तर हे साधन बहुधा नाहीच. जीभ पुढे ओढून धरणारं वेगळं साधन असतं, त्याबद्दल विचारा. माझ्या एका दाढेवर कॅप बसायची राहिली होती. डॉक्टर म्हणाल्या, "आधी ते संपवून या." ट्रे दातांच्या त्या वेळच्या आकारावर घट्ट बेतलेला असतो. नंतर कॅप किंवा मोठं फिलिंग केलं की तो बसत नाही आणि नवा करायची वेळ येते. दातांची राहिलेली कामं आधी उरकून घ्या, हा माझा सगळ्यांत व्यवहारी सल्ला.

मग मापाचं काम. कंपासपेटीतल्या पट्टीसारखी एक प्लास्टिकची पट्टी, तिच्या टोकाला पुढचे दात बसतील अशी खाच, आणि मिलिमीटरच्या खुणा. ती दातांत धरून खालचा जबडा जितका मागे जाईल तितका मागे न्यायचा, मग जितका पुढे येईल तितका पुढे. पुढे आणताना हनुवटी थरथरते आणि लाळ ओठांवरून खाली येते, लाजू नका. माझा जबडा टोकापासून टोकापर्यंत ९ मिलिमीटर सरकत होता. सुरुवात साधारण निम्म्यावर केली. दातांचा ठसा म्हणून लगदा भरावा लागेल या भीतीने मी आदल्या रात्रीपासून बेचैन होते, कारण मला चटकन उमासे येतात. पण तिथे स्कॅनर होता, पेनाएवढी कांडी तोंडात फिरवली आणि पडद्यावर दात उमटले. तुम्हालाही उमासे येत असतील तर स्कॅनर आहे का हे आधीच विचारा.

गरम पाण्यात मऊ करून चावून आकार द्यायचे तयार ट्रे मिळतात, स्वस्त असतात, मोह होतो. पण त्यांची पकड ढिली असते, रात्री निसटतात, आणि जबडा थोडा थोडा पुढे नेण्याची सोय बऱ्याच ट्रेमध्ये नसते. त्या मार्गदर्शक सूचनांचाही कल दातांच्या मापाने केलेल्या आणि पुढेमागे करता येणाऱ्या साधनाकडेच आहे.

पहिल्या रात्री तोंडभर लाळ. उशीवर जुना टॉवेल टाका. दात आवळल्यासारखे वाटतात, ओठ नीट मिटत नाहीत, आणि "हे काही जमायचं नाही" असं वाटून जातं. मी झोपायच्या आधी तासभर वाचताना ते घालून बसायचे, त्याने तोंडाला सवय झाली. खरी गंमत सकाळची. साधन काढलं आणि दात मिटले तर पुढचे दात एकमेकांवर टेकले आणि मागच्या दाढा हवेतच! चावायला गेलं की दाढांमध्ये काहीच सापडत नाही. जबडा रात्रभर पुढे राहिल्यामुळे असं होतं. यासाठी डॉक्टर चावायचा एक छोटा ठोकळा किंवा जबड्याचे व्यायाम देतात. उठल्यावर ते करायचे आणि दाढा पूर्वीसारख्या मिटेपर्यंत करत राहायचे. कंटाळा येतो म्हणून हे सोडू नका, बाकी एक वेळ सोडा.

यानंतर सुरू होते स्क्रूची कहाणी. माझ्या साधनाच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आहेत आणि सोबत एक किल्ली मिळाली. डॉक्टर सांगतील त्या अंतराने दोन्ही बाजूंना सारखेच वेढे द्यायचे, दर वेळी मिलिमीटरचा छोटासा हिस्सा. सांधा दुखला तर थांबायचं, दुखणं टिकलं तर एक वेढा मागे. मी उशाशी वही ठेवली: तारीख, वेढे, सकाळचं डोकं कसं, जबडा कसा, आणि नवऱ्याचा शेरा. हळूहळू शेऱ्यांच्या जागी नुसतंच "शांत" येऊ लागलं. घरात सगळे खूश, मीही ताजीतवानी, आणि "आता कशाला ती तपासणी?" असा सूर निघाला.

तरी साधन घालून घरचीच तपासणी पुन्हा केली. एएचआय १४. घोरणं जवळपास नाहीसं, आणि अ‍ॅप्निया मात्र अजून सौम्य पट्ट्याच्या वरच्या टोकाला. घोरणं हा कंप पावणाऱ्या टाळूचा आवाज आहे. तो थांबला तरी वाट अधूनमधून मिटतच राहू शकते, फक्त बिनआवाजाची. कानांनी इथे निदान होत नाही, ताजेतवाने वाटण्यानेही पुरतं होत नाही. डॉक्टरांनी आणखी काही वेढे पुढे नेले आणि उताणं झोपायचं टाळायला सांगितलं, पाठीशी लांब उशी लावून. त्यानंतरच्या तपासणीत आकडा ६ आला आणि ऑक्सिजन ९० च्या खाली फारसा उतरला नाही. नेमका हाच टप्पा बहुतेकजण गाळतात असं मला दिसतंय, कारण तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात आणि घरात शांतता असते. साधन मिळालं म्हणजे उपचार झाले नाहीत. दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत ते अर्धवट आहेत असंच धरा. आणि तो रिपोर्ट झोपेच्या डॉक्टरांनीच वाचायला हवा.

लांबच्या परिणामांबद्दल मला आधीच स्पष्ट सांगितलं हे बरं झालं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतात: वरचे पुढचे मागे झुकतात, खालचे पुढे, आणि दाढांच्या मधे फट पडू शकते. बऱ्याच जणांच्या हे लक्षातही येत नाही, काहींना चावताना अडचण होते. म्हणून सुरुवातीलाच दातांचे फोटो आणि स्कॅन काढून ठेवायला सांगा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा दाखवायचं असं माझं ठरलं आहे. वजन बरंच वाढलं किंवा थकवा परतला, तर मधेच पुन्हा तपासणी.

निगा सोपी आहे. सकाळी मऊ ब्रश, साधा सौम्य साबण, कोमट पाणी. कढत पाण्यात ट्रे वाकडा होतो आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात. कोरडा करून हवा खेळेल अशा डबीत ठेवा, आणि डबी कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका. प्रवासात तो हातातल्या पिशवीत, किल्लीसकट. आणि कधी छोटीशी का होईना शस्त्रक्रिया असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा, मागितलं नाही तरी रिपोर्ट दाखवा आणि साधन सोबत न्या. भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, आणि फॉर्मवर हा प्रश्न छापलेला असेलच असं नाही.